स्वस्तातली एअरगन, कमरेचं पिस्तूल आणि रानात जायचं सामान: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमबाजीच्या रेंजवर नाहीतर रानात फिरणाऱ्यांच्यात ऊठबस असली की हे प्रश्न आठवड्याला एकदा तरी कानावर येतात. बहुतेक वेळा विचारणाऱ्याने सामानाची यादी आधीच केलेली असते आणि तिच्यातलं निम्मं न घेण्यासारखं असतं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

शिकारीचं सामान घ्यायचंय. शिकारीला कोल्हापूरच्या आसपास कुठं जाता येईल?

कुठंच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त जनावर मारणं नव्हे. जखमी करणं, सापळा लावणं, आमिष टाकणं, हाकून काढणं आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच येतं. ससा असो, लावा-तितर असोत, नाहीतर मोर. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल, म्हणजे आपला गवा, बिबट्या, मोर, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. बंदुकीबरोबर ज्या गाडीतून गेला ती गाडीही जप्त होते. ‘एकच ससा मारला हो’ म्हणणारे ही गाडीची गोष्ट ऐकली की गप्प होतात.

तेव्हा नेम धरायची हौस असेल तर ती कागदावर भागवायची आणि रानाची हौस दुर्बिणीने. दोन्ही हौशी खिशाला परवडतात, पण एकत्र करता येत नाहीत. पुढची सगळी उत्तरं याच हिशेबाने वाचा.

पण कोल्हापूरला तर शिकारीची परंपरा आहे ना?

होती. दाजीपूरचं जंगल हे छत्रपतींचं शिकारीचं रान. चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचा खेळ इथं इतका रंगला की चित्ते आफ्रिकेतून मागवले जात. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गेलात तर पेंढा भरलेली जनावरं आजही दिसतात. पण त्याच दाजीपूरला १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. परंपरा सांगायचीच असेल तर पुढचा अर्धा भागही सांगावा.

रानडुकरांनी भुईमूग आणि ऊस पार आडवा केलाय. एअरगनने हुसकावलं तर चालेल का?

नाही. छर्रा लागून डुक्कर जखमी झालं तर ती शिकारच, आणि जखमी डुक्कर उसात शिरलं की दुसऱ्या दिवशी पाण्याला गेलेल्या माणसाच्या अंगावर येतं. एअरगनचा छर्रा डुकराच्या कातडीत रुतण्यापलीकडं काही करत नाही, त्याला फक्त चिडवतो.

पिकाचं नुकसान झालं की पंचनाम्यासाठी लगेच वनखात्याकडं अर्ज करा, हेल्पलाइन १९२६ आहे. उपद्रवी रानडुकराला मारायची परवानगी कायद्याने मिळू शकते, पण ती वनाधिकाऱ्याने लेखी दिलेली लागते, बंदूक परवान्याची लागते आणि मेलेलं डुक्कर सरकारजमा होतं. गावात वाटणी करून रस्सा करायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

एअरगनला लायसन लागतं का?

शस्त्र नियम २०१६ नुसार दोन गोष्टी बघायच्या: नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर, म्हणजे ज्याला सगळे ‘पॉइंट वन सेव्हन सेव्हन’ म्हणतात त्यापेक्षा जास्त नको, आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर नको. या दोन्हीत बसणारी एअरगन बिनपरवान्याची घेता येते. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे ‘पॉइंट टू टू’ची घेतली तर ती परवान्यात येते, मग तिची ताकद कितीही कमी असो. दुकानदार ‘काय होत नाही, घ्या’ म्हणाला तरी घेऊ नका. उद्या पोलिसांपुढं दुकानदार नव्हे, तुम्हीच उभे असणार.

ताकदीचा अंदाज घरबसल्या येतो. स्पर्धेतला साधा छर्रा अर्धा ग्रॅमच्या आसपास असतो आणि सेकंदाला १७५ मीटर वेगाने सुटतो. गणित केलं तर आठ ज्यूलच्या जवळपास येतं. म्हणजे ऑलिंपिकची एअर रायफल मर्यादेच्या निम्म्यावरही जात नाही. तेव्हा ‘जास्त पॉवरची दाखवा’ हा आग्रह नेमबाजीसाठी तरी बिनकामाचा.

बिल जपून ठेवा, ओळखपत्राची झेरॉक्स दुकानात द्यावी लागते ती द्या, आणि नेताना बंदूक पेटीत किंवा बॅगेत बंद असू दे. मोटरसायकलवर खांद्याला अडकवून ताराबाई रोडने निघालात तर चौकात थांबवणारच, आणि थांबवावंच.

घेण्याआधी चालवून बघता येते का?

येते, आणि तसंच करावं. दुधाळीची रेंज आहे, विभागीय क्रीडा संकुल आहे, शिवाय शिकवणारे खासगी क्लबही शहरात आहेत. बहुतेक ठिकाणी क्लबची बंदूक आणि छर्रे मिळतात. मासिक फी प्रत्येकाची वेगळी, ती जाऊनच विचारा. पहिला महिना काहीही विकत न घेता तिथल्याच बंदुकीवर काढा.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगतो. दहा मीटरवरचा कागद बघून वाटतं, हे काय, इतकं जवळ! मग पिस्तूल हातात येतं. ते साधारण एक किलोचं असतं आणि एकाच हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचं असतं. मागच्या खाचेत पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा खुंट, बसवायची, माशीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे, आणि नजर माशीवर. कागदावर नाही. काळं वर्तुळ धूसरच दिसायला हवं. इथंच सगळे चुकतात, कारण डोळा आपोआप पुढं पळतो. सहाव्या-सातव्या सेकंदाला मनगट थरथरायला लागतं, माणूस घाईने घोडा ओढतो आणि छर्रा खाली डावीकडं जातो. एअर पिस्तुलाच्या कागदावर मधलं, दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. एअर रायफलचं दहा तर अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे टाचणीचं टोक. तासाभरात कळतं की हे आपल्याला आवडतंय की नुसता रील बघून आलेला उमाळा होता. हे कळायला पंधरा हजार घालवायची गरज नाही.

घरी एक करून बघा: लिटरची पाण्याने भरलेली बाटली घ्या आणि खांद्याच्या रेषेत हात लांब करून पंधरा सेकंद धरा. मग थोडा दम खाऊन परत. दहा वेळा जमलं की रेंजवर या.

रायफल घ्यावी की पिस्तूल?

पैशाचं बघितलं तर पिस्तूल. रायफलला पुढं जायचं म्हटलं की जाड कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, हातमोजा हे सगळं लागतं, आणि तो खर्च कधी कधी देशी बंदुकीपेक्षा जास्त होतो. पिस्तुलाला सपाट तळाचे बूट आणि एका डोळ्यासमोर लावायची पट्टी, झालं.

पण कोल्हापुरात रायफलीचं वेड मोठं, आणि त्याला कारणही आहे. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारातली, विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही प्रकारे नेम धरायच्या स्पर्धेत, ऑलिंपिकचं कांस्य आणलं. पिस्तूलवाल्यांनी मात्र राही सरनोबतचं नाव घ्यावं: २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण, आणि आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तिन्ही माणसं याच मातीतली.

स्वस्त एअरगन म्हणजे किती स्वस्त, आणि तिच्यात काय बघायचं?

पाच-सात हजारांपासून स्प्रिंगची बंदूक मिळते. नळी मोडायची, म्हणजे सांध्यात खाली वाकवायची, छर्रा घालायचा, नळी बंद करायची, झाडायची. टिकाऊ, साधी, हवा भरायची भानगड नाही. वाईट गोष्ट ही की घोडा ओढल्यावर आत पिस्टन जोरात पुढं धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आत अख्खी बंदूक हलते. म्हणून ती घट्ट आवळून धरायची नाही. सैल, तळव्यावर नुसती टेकवून धरायची, रोज त्याच जागी. आवळून धरणाऱ्याचे छर्रे कागदभर पसरतात आणि तो बंदुकीला शिव्या घालतो.

दुसरा प्रकार पीसीपी, म्हणजे आधीच हवा दाबून भरलेल्या सिलिंडरची. झटका जवळजवळ नाही, नेम चटकन सुधारतो. देशी कंपन्यांत प्रेसिहोलसारखे उत्पादक या प्रकारातल्या क्लबच्या रायफली करतात. परदेशी वाल्थर, फाइनवर्कबाउ, स्टायर घ्यायची तर लाखांच्या घरात जातं. पीसीपी घेताना हवा कुठून भरणार हे आधी ठरवा. हातपंपाने दोनशे बारपर्यंत हवा भरणं म्हणजे तालमीत जोर काढण्यासारखं आहे. रेंजवर सिलिंडर असेल तरच ही बंदूक सोयीची.

दुकानात बंदूक बघताना एवढं करा. नळी मोडून सांध्याला हाताने डावी-उजवीकडं हलवून बघा, खडखड झाली तर खाली ठेवा. नळीच्या तोंडाशी आतली कड उजेडात बघा, ओरखडा नको. आणि दुकानदाराला सांगा, छर्रा न घालता झाडून दाखवू नका. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नसला की पिस्टनला अडवायला हवेची गादी राहत नाही आणि आतलं वायसर फुटतं. जो दुकानदार स्वतःच रिकामी झाडून ‘बघा आवाज’ म्हणतो त्याच्याकडची ती बंदूक अशी किती जणांसमोर झाडली गेली असेल, विचार करा.

आणखी एक: नळी मोडून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवायची. अडकण सुटली तर नळी फटकन परत येते आणि बोट मधे असेल तर बोट जातं.

छर्रे कुठले घ्यावेत?

कागदासाठी सपाट तोंडाचे, कारण ते गोल स्वच्छ भोक पाडतात आणि गुण मोजायला भांडण होत नाही. टोकदार छर्रे डबीवर भारी दिसतात, कागदावर काही कामाचे नाहीत. डबी उघडली की छर्रे एका ताटलीत पसरा आणि मागचा घेर दबलेले बाजूला काढा. स्वस्त डबीत असे बरेच निघतात. तेवढं केलं तरी नेम सुधारल्यासारखा वाटतो. छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायचे नाहीत आणि रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय वडापाव खायचा नाही.

गच्चीवर सराव केला तर?

मागं भिंत पूर्ण बंद असेल, कुणाचं येणंजाणं नसेल आणि छर्रा अडवायला चिंध्या घट्ट भरलेली खोकी किंवा तिरकं पत्र्याचं पेलेट ट्रॅप असेल तरच. फरशी, दगड, लोखंड यांच्यावर छर्रा उलटा येतो. चष्मा घालाच. पण शिवाजी पेठ, मंगळवार पेठ असल्या दाट वस्तीत गच्चीला गच्ची लागलेली, तिथं मी तर नाहीच म्हणेन. एअरगनचा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो, खेळणं आहे म्हणून सोडत नाही. कबुतर, माकड, भटकं कुत्रं यांच्यावर ‘फक्त घाबरवायला’ म्हणून झाडणं तर सरळ गुन्हा. कुत्र्याला जायबंदी केलं तरी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत.

रानात सोबतीला कमरेला छोटं पिस्तूल असलं तर बरं नाही का? गवा, अस्वल आलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडं सामान्य माणसाला परवान्यावर मिळणारं हत्यार म्हणजे साधारण पॉइंट थ्री टू बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा व्यास) रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. नाइन एमएम वगैरे बंदी असलेल्या बोअरमध्ये येतं, ते विसरा. सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ ला आलं, अर्धा किलोचं, किंमत तेव्हाच लाखाच्या वर. कानपूरच्या सरकारी कंपनीने २०२३ ला ‘प्रबल’ आणलं. म्हणजे ‘स्वस्तातलं पिस्तूल’ असा प्रकार कायदेशीर बाजारात नाही. स्वस्तातलं जे मिळतं ते कट्टा, आणि कट्टा म्हणजे थेट तुरुंग.

समजा परवाना आहे, पैसेही आहेत. गव्याचा नर आठशे-हजार किलोचा. तो धावत येताना पॉइंट थ्री टूची गोळी, तीही थरथरत्या हाताने, त्याला थांबवेल असं मानणारा माणूस गव्यासमोर कधी उभा राहिलेला नसतो. गवा उगाच अंगावर येत नाही. वाट अडवली, कळपात पिल्लू असताना जवळ गेलं, गोंधळ घातला की येतो. २०२१ च्या डिसेंबरात गवे शहराच्या वेशीवर आले तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली, आणि भुयेवाडीजवळ एका तरुणाचा जीव गेला. गवा दिसला की थांबा, मागं सरका, त्याला जायला वाट द्या. फोटो लांबूनच.

अस्वलासाठी बोलत चाला, काठी आपटत चाला. अस्वलाला माणूस येतोय हे आधी कळलं की ते बहुधा बाजूला होतं. अंधारात शेताला जायचं तर मोठी बॅटरी आणि सोबत माणूस. जिवावर बेतल्यावर स्वतःला वाचवताना जनावर मेलं तर कायदा तो गुन्हा मानत नाही. पण मुळात बेकायदा काम करत असताना हा बचाव चालत नाही, हेही तिथंच लिहिलंय.

दाजीपूरला जाताना एअरगन गाडीत असली तर? वापरणार नाही, नुसती.

अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठलंही शस्त्र घेऊन शिरता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत जाळं, फास, गळ, चाकू, धनुष्यबाण हे सगळं शस्त्रातच येतं. एअरगनचं मग बोलायलाच नको. राधानगरी, चांदोली, कोयना, सगळीकडं तेच. बेचकीसुद्धा घरी ठेवा.

मग चाकू पण नको?

अभयारण्यात नको. इतरत्र कांदा-काकडी कापायला छोटा घडीचा चाकू पुरतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू, घरकाम-शेतीकामाचा नसेल तर, शस्त्र कायद्यात येतो. त्यात आपल्या जिल्ह्यात सणासुदीला, मोर्चा-निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघत असतो. तेव्हा काठी-चाकू घेऊन फिरणंही अडचणीचं. सिनेमातला दातेरी ‘रॅम्बो’ चाकू घेऊ नये, त्याने धड सुतळीही कापत नाही.

ऑनलाइन मिळणारं पिस्तुलासारखं लायटर?

नको. रात्री कमरेला ते खोचून रील काढलं की पोलिसांना ते लायटर आहे हे कळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात काय होईल सांगता येत नाही.

खऱ्या शस्त्राचा परवाना काढायचाच असेल तर?

वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, चौकशी पोलिसांकडून, सोबत वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षित हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला. गरज का आहे ते पटवून द्यावं लागतं, ‘ट्रेकला नेतो’ हे कारण चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका, परवाना पाच वर्षांचा. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामाला हे आधीच सांगून ठेवावं.

बरं, मग रानासाठी पैसे कशावर घालवू?

आधी दुर्बिणीवर. ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात पडतो, म्हणून पहाटे-संध्याकाळी ती चांगली दिसते. जनावरं तेव्हाच बाहेर पडतात. ‘शंभरपट झूम’ लिहिलेल्या दुर्बिणी हात जरा हलला की चित्र नाचवतात, त्यांच्या नादी लागू नका. दाजीपूरच्या सावराई सड्यावर सकाळी धुकं फाटताना ८×४२ मधून गव्याच्या पायांचे पांढरे मोजे आणि नाकपुडीतली वाफ स्पष्ट दिसते. त्या क्षणी बंदूक आठवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

दुसरी गोष्ट पायातली. पावसाळ्यात गगनबावडा-आंबोलीकडं जायचं तर शेतीसामानाच्या दुकानातले तीन-चारशे रुपयांचे गमबूट ब्रँडेड ट्रेकिंग बुटांपेक्षा बरे. घोणस-फुरशापासूनही नडगी वाचते. मोठी चढण असेल तर मात्र गमबुटाने टाच सोलते, तिथं पकड असलेले बूट. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे, वरून मीठ-तंबाखूचं पाणी. कोल्हापुरी चप्पल गावात मिरवायला.

डोक्याला लावायची बॅटरी घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. लाल उजेडाची सोय असलेली मिळाली तर उत्तम. आणि पट्टणकोडोलीकडचं घोंगडं मिळालं तर घ्याच: जड आहे, वास येतो, पण भिजल्यावरही ऊब सोडत नाही, हे कुठल्याही स्वस्त जॅकेटला जमत नाही.

लष्करी कपडे घालू का? जनावर लांबूनच ओळखत नाही म्हणे.

मातकट, हिरवट, फिका रंग पुरतो. हालचाल आणि वास यांनी जनावर सावध होतं, शर्टाच्या नक्षीने नाही. लष्कराच्या नव्या गणवेशाचं डिझाइन २०२२ पासून नोंदणीकृत आहे, त्याची नक्कल घालून वनरक्षकाला सामोरं जायची हौस कशाला?

मुलगा सातवीत आहे, त्याला बंदूक घेऊन देऊ का?

बंदूक नको, प्रवेश घेऊन द्या. शालेय स्पर्धांत ओपन साइट, म्हणजे साध्या खाच-माशीने नेम धरायच्या, एअर रायफलचा वेगळा गट असतो, त्यात साधी देशी रायफल चालते, आणि ती क्लबचीच वापरता येते. पुढं जिल्हा, राज्य असं चढत गेला आणि वर्षभर टिकला, तर त्याचे प्रशिक्षकच सांगतील काय घ्यायचं ते. घरी बंदूक असेल तर कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात.

आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर सापडली. काय करू?

साफ करू नका, दारू ठासून बघू नका, फोटो टाकू नका. भुदरगड, आजरा, शाहूवाडीकडं पीकरक्षणासाठी अशा बंदुका परवान्यावर दिलेल्या असत, तेव्हा आधी जुना परवाना शोधा. ट्रंकेत, सातबाऱ्याच्या पिशवीत, देवघराच्या कप्प्यात कुठंतरी असतो. परवाना सापडो न सापडो, पोलीस ठाण्यात लेखी कळवून बंदूक जमा करा आणि पोच घ्या. वारस म्हणून तुमच्या नावावर हवी असेल तर जमा केल्यावर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो. बिनपरवाना ठेवली तर दोन ते पाच वर्षं शिक्षा आहे. गंजलेली आहे, झडत नाही, या सबबी चालत नाहीत. ठाण्यात नेण्याआधी एक फोन करा, म्हणजे बंदूक तुम्ही न्यायची की ते येऊन नेणार हे तेच सांगतात.